रातकिडे आणि मीलवर्म यांशिवाय पाळीव बेडकाला आणखी काय द्यावे?

श्रावणसर :

सर्व अनुभवी सदस्यांना नमस्कार.

माझ्याकडे व्हाइट्स ट्री फ्रॉग जातीचा एक नर आहे. तो साधारण चार वर्षांचा असून अडीच वर्षांपूर्वी एका परिचित कुटुंबाकडून माझ्याकडे आला. तेव्हापासून त्याच्या आहारात फारसा बदल झालेला नाही. आठवड्यातून तीन वेळा, संध्याकाळी दिवे मंद केल्यावर, मी त्याला सहा-सात रातकिडे देते. अधूनमधून मीलवर्म (पिठातल्या भुंग्याच्या अळ्या) असतात, आणि तो फार आवडीने खातो म्हणून आठवड्याला दोन-तीन मेणकिड्याच्या अळ्याही देते. रातकिड्यांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरते. भुकटीचा डबा बेडकासोबतच आला होता आणि अजून तोच चालू आहे.

गेल्या तीन आठवड्यांपासून मात्र त्याच्या शिकारीत एक बदल दिसतो आहे, म्हणून हा धागा काढत आहे. त्याची भूक कमी झालेली नाही. रातकिडा चार बोटांच्या अंतरावर येऊन थांबला की तो पूर्वीसारखाच पुढे झुकतो, मागच्या पायाचे लांब बोट थरथरवतो आणि झेप घेतो. जीभ बाहेर येते आणि रातकिड्याच्या पाठीला लागते, हे मी काचेला नाक लावून, अगदी जवळून पाहिले आहे. पण जीभ परत जाते तेव्हा रातकिडा जागच्या जागीच असतो, त्याच्या मिशा तेवढ्या हललेल्या असतात. पूर्वी जीभ लागली की किडा आत गेलाच म्हणून समजावे, अशी स्थिती होती. आता चार-पाच प्रयत्नांत एखादा साधतो, आणि तोही तो जबडा उघडून किड्याच्या अंगावरच पडला तर. शिवाय त्याच्या डोळ्यांवरची कातडीची घडी जड होऊन खाली उतरू लागली आहे असे वाटते.

या सगळ्याचा आहाराशी संबंध असू शकतो का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. आहारात विविधता आणायची तर नेमके काय आणि कोणत्या क्रमाने द्यावे? भाज्या किंवा फळे थेट देता येतात का? आणि बागेत सापडणारे किडे, गांडुळे वगैरे चालतील का? आतापर्यंत तो खातो आहे म्हणजे सगळे ठीक आहे असे मी धरून चालले होते, त्यामुळे मन अस्वस्थ आहे.

काचघर :

ताई, आपण इतके बारकाईने लिहिले आहे की उत्तर देणे सोपे झाले. जिभेविषयी मी बोलणार नाही, कारण येथे उभयचरांवर उपचार करणाऱ्या निशिगंध आहेत आणि तो विषय त्यांचा आहे. बारा वर्षे झाडबेडूक सांभाळताना आहाराविषयी जे कळले ते लिहितो.

भाज्यांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे बरेचसे त्यावर अवलंबून आहे. प्रौढ बेडूक मांसाहारी असतो. ब्राझीलमधला झेनोहायला ट्रंकाटा नावाचा एक झाडबेडूक फळे खातो, पण तो अपवाद. आपल्या बेडकाच्या लेखी जे हलते तेच भक्ष्य. गाजराचा तुकडा समोर ठेवला तर त्याच्या दृष्टीने तो आणि खडा सारखाच. मात्र तेच गाजर रातकिड्याच्या पोटात असेल, तर ते बेडकाला मिळते. बेडूक भक्ष्य चावत नाही, अख्खे गिळतो, त्यामुळे किड्याच्या आतड्यात त्या दिवशी जे असेल ते सगळे बेडकाच्या आहारात धरायचे. म्हणून भाजी द्यायची ती किड्यांना. आपल्या प्रश्नात बेडकाला काय देता हे आहे, पण रातकिड्यांना काय देता हे कुठेच नाही, आणि मला वाटते अर्धे उत्तर तिथेच आहे. डब्यातून आणलेला रातकिडा दोन-तीन दिवस उपाशी असेल तर तो म्हणजे नुसते टरफल आणि पाणी. त्याला बेडकासमोर सोडून काही साधत नाही.

किड्याचे पोट असे आधी भरून घेण्याला सगळे ‘गट लोडिंग’ म्हणतात. माझी पद्धत अशी की बेडकाला खायला देण्याच्या आधी एक ते दोन दिवस किड्यांना खास यासाठी मिळणारे, कॅल्शियमचे प्रमाण मुद्दाम वाढवलेले कोरडे खाद्य देतो आणि पाण्यासाठी गाजर, रताळे, भोपळा, गर्द हिरवी पाने ठेवतो. पालक टाळतो, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. कॅल्शियमयुक्त खाद्यावर किडे फार दिवस जगत नाहीत, त्यामुळे रोजचे खाद्य वेगळे आणि शेवटच्या दोन दिवसांचे वेगळे, अशी विभागणी ठेवावी लागते.

कॅल्शियमवर एवढा भर का, तेही सांगतो. बेडकाच्या आहारात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतके तरी असावे, आणि दीडपट ते दुप्पट असले तर उत्तम. रातकिड्यात हे गणित पुरते उलटे असते. कॅल्शियमच्या एका भागामागे फॉस्फरसचे सहा ते नऊ भाग सहज भरतात. किड्याला हाडे नसतात आणि त्याचे कवच कायटिनचे असते, त्यामुळे त्याच्या अंगात कॅल्शियम येणार कुठून? मीलवर्म, मेणकिडे, झुरळे, सगळ्यांची कथा कमीअधिक फरकाने हीच. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या हा महत्त्वाचा अपवाद आहे. त्यांच्या त्वचेतच कॅल्शियम असते. पण त्यांची कातडी चिवट असल्यामुळे काही अळ्या न पचता जशाच्या तशा विष्ठेत निघतात, तेव्हा केवळ त्यांच्यावर विसंबू नये. पालापाचोळ्यात राहणारे, स्पर्श होताच गोळी होऊन बसणारे आयसोपॉडही कॅल्शियमच्या दृष्टीने चांगले, फक्त मोठ्या बेडकाचे त्यांनी पोट भरत नाही.

आता भुकटी. रातकिडा स्वतःचे अंग सतत साफ करत असतो. भुकटी लावलेला रातकिडा पेटीत सोडला आणि तो फांदीमागे जाऊन बसला, तर काही तासांत त्याच्या अंगावर फारसे काही उरत नाही. म्हणून लहान भांड्यात चिमूटभर भुकटी घ्यावी, मोजकेच किडे त्यात हलवावेत आणि डोळ्यांसमोर खाल्ले जातील तेवढेच सोडावेत. उरलेले रात्रभर पेटीत राहू देऊ नयेत. भुकेला रातकिडा झोपलेल्या बेडकाची कातडी कुरतडतो.

माझ्याकडे मुख्य आहार म्हणून रातकिडे आणि डुबिया झुरळे आलटून पालटून असतात. डुबिया मांसल असते, गुळगुळीत काचेवर चढत नाही आणि त्याला खाऊ घातलेले त्याच्या पोटात बराच काळ टिकते. आठवड्यातून एकदा गांडूळ असतेच. रेशीमकिड्याच्या अळ्या मिळतील तेव्हा देतो. त्या मऊ असतात आणि त्यांत चरबी कमी असते. नाकतोडेही उत्तम, विशेषतः लांब उडी मारायला आवडणाऱ्या बेडकांसाठी. मीलवर्म महिन्यातून एक-दोनदा, तेही शक्यतो नुकतीच कात टाकलेले, पांढरे आणि मऊ. मेणकिड्याची अळी मात्र जवळपास चरबीची पिशवी आहे. आजारातून उठलेल्या, खंगलेल्या बेडकाला ती जरूर द्यावी. आपल्या बेडकाच्या डोळ्यांवरच्या घडीचे वर्णन वाचता आपण ती आजच बंद करावी असे मी म्हणेन. या जातीत चरबी सर्वांत आधी तिथेच दिसते.

आकाराचा एक नियम पाळा : बेडकाच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा भक्ष्य रुंद नको.

निशिगंध :

काचघर यांनी आहाराचे सविस्तर लिहिलेच आहे, त्याला माझी पूर्ण सहमती आहे. मी जिभेविषयी लिहिते, कारण वर्णन वाचताच मला जीवनसत्त्व ‘अ’च्या कमतरतेची शंका आली. बेडूक प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, हे आधीच स्पष्ट करते.

बेडकाची जीभ चिकटते ती श्लेष्मामुळे. हा श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशी निरोगी राहण्यासाठी जीवनसत्त्व ‘अ’ लागते. ते दीर्घकाळ कमी पडले की त्या ओलसर पेशींची जागा हळूहळू चपट्या, कोरड्या, केराटिनयुक्त पेशी घेतात, आणि मग जीभ नेम धरून अचूक लागते पण किडा तिला चिकटत नाही. पिंजऱ्यात वाढवलेल्या वायोमिंग टोड या दुर्मीळ जातीत हा विकार प्रथम ठळकपणे ओळखला गेला. जीभ आखूड पडल्यासारखी वाटते म्हणून त्याला ‘शॉर्ट टंग सिंड्रोम’ असे नाव पडले, पण मुळात बिघडते ते जिभेचे अस्तर. हाच बदल पापण्यांच्या आतल्या बाजूस, मूत्रमार्गात आणि इतर अवयवांतही होऊ शकतो; डोळे सुजणे, वारंवार जंतुसंसर्ग होणे, अंगात पाणी साठणे ही त्याची पुढची रूपे आहेत.

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. किड्यांना गाजर खाऊ घातले म्हणजे बेडकाला जीवनसत्त्व ‘अ’ मिळाले, असे अनेकांना वाटते. गाजरात असते ते बीटा-कॅरोटीन. माणसाचे शरीर त्यापासून जीवनसत्त्व ‘अ’ बनवते. परंतु अनेक बेडकांना ते पुरेशा प्रमाणात जमत नाही, त्यांना तयार जीवनसत्त्व ‘अ’, म्हणजे रेटिनॉलच मिळावे लागते. निसर्गात त्यांच्या खाण्यात गोगलगाई, कोळी, लहान मासे, इतर बेडकांची पिल्ले, नाना प्रकारचे किडे येतात. आपण पैदास केंद्रात वाढवलेला एकच किडा वर्षानुवर्षे देतो, आणि रातकिडा, मीलवर्म यांत जीवनसत्त्व ‘अ’ नगण्य असते. म्हणून ताई, आपल्या डब्यावरची घटकांची यादी नीट वाचावी. त्यात रेटिनॉल, रेटिनाइल ॲसिटेट किंवा रेटिनाइल पाल्मिटेट यांपैकी काही लिहिले आहे का? केवळ बीटा-कॅरोटीन असेल, तर आपल्या बेडकापुरते जीवनसत्त्व ‘अ’ त्यात नाही असेच समजावे. आणि डबा अडीच वर्षांपासून उघडा असेल, तर तो टाकून द्यावा. हवा, उजेड आणि ओल लागून जीवनसत्त्वे निकामी होतात. उघडलेली भुकटी मी सहा महिन्यांपलीकडे वापरू देत नाही.

तरीही, कृपया हे वाचून घरातील माणसांच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या फोडून त्याच्या तोंडात किंवा पाठीवर घालू नका. जीवनसत्त्व ‘अ’ चरबीत साठते, जास्त झाले तर विषारी ठरते, शिवाय त्याचा अतिरेक जीवनसत्त्व ‘ड’च्या कामात अडथळा आणून हाडे दुबळी करू शकतो. शंभर ग्रॅमच्या प्राण्यासाठी माणसाच्या गोळीतील एक थेंब म्हणजे केवढी मात्रा, हे डोळ्यांसमोर आणा. उभयचर पाहणाऱ्या पशुवैद्यांकडून मात्रा ठरवून घ्यावी. ते तोंडाचीही तपासणी करतील, कारण जिभेला जखम, बुरशी, डोळ्यांचा दोष किंवा पेटीतील तापमान कमी असणे यांमुळेही शिकार चुकते.

हाडांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते. बेडकाच्या पाठीच्या कण्यालगत कॅल्शियम कार्बोनेटच्या लहान पिशव्या असतात, आणि आहारात कॅल्शियम कमी पडले की शरीर आधी तेथून आणि मग हाडांतून ते काढून घेते. त्यामुळे महिनोन्महिने बाहेरून काहीच दिसत नाही. लक्षात येते तेव्हा खालचा जबडा रबरासारखा मऊ झालेला असतो, पाय वाकलेले असतात किंवा उडी मारल्यावर बोटांना आकडी येत असते. ‘तो खातो आहे म्हणजे ठीक आहे’ असे आपण लिहिले आहे. त्यात आपला दोष नाही, बेडूक आजारी असूनही बरेचदा खात राहतात. म्हणूनच भूक हा पोषणाचा पुरावा मानू नये. कॅल्शियम शोषून घेण्यासाठी जीवनसत्त्व ‘ड३’ लागते. ते भुकटीतून द्यावे आणि सोबत सौम्य यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा ठेवावा, पण त्या उजेडापासून दूर जाऊन बसायला दाट सावलीही हवी.

श्रावणसर :

आपणा दोघांचे मनापासून आभार. डबा आत्ताच तपासला. त्यावर कॅल्शियम, ‘ड३’ आणि बीटा-कॅरोटीन एवढेच आहे. रेटिनॉलचा उल्लेख कुठेही नाही, आणि झाकणावरची मुदत उलटूनही गेली आहे. रातकिड्यांना मी ओट्स आणि काकडी देत होते, त्यापलीकडे विचार केला नव्हता. उद्याच पशुवैद्यांची वेळ घेत आहे.

एक शंका आहे. अख्ख्या प्राण्याच्या यकृतात जीवनसत्त्व ‘अ’ असते असे वाचले, मग उंदराची बिनकेसांची पिल्ले, ज्यांना ‘पिंकी’ म्हणतात, ती दिली तर कमतरता लवकर भरून निघेल का? आणि गांडुळे द्यायची तर कशी? त्याने आजवर ती पाहिलेलीही नाहीत.

तळ्याकाठी :

पिंकीविषयी मी लिहितो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे.

माझ्याकडेही याच जातीची एक मादी होती. ती मोठी, गुबगुबीत दिसे आणि उंदराचे पिल्लू चिमट्यात धरले की अक्षरशः झडप घाली. मला ते निरोगीपणाचे लक्षण वाटले आणि जवळजवळ वर्षभर मी दर आठवड्याला तिला एक पिल्लू देत राहिलो. मग एके दिवशी तिच्या उजव्या डोळ्याच्या बुबुळावर दुधाळ ठिपका दिसला. मी तो पाण्याचा डाग समजून दोन दिवस वाट पाहिली. पशुवैद्यांनी तपासून सांगितले की ही रक्तातील चरबी बुबुळात साठत आहे. आहार बदलल्यावर तो ठिपका वाढायचा थांबला, पण गेला नाही, आणि तिच्या आयुष्याच्या अखेरपर्यंत त्या बाजूने आलेला किडा तिला उशिरा दिसे. तिच्या जेवणाची बाजू मी नंतर कायमची डावी ठेवली.

पिल्लू हे अख्खे भक्ष्य असते आणि त्यात यकृत असते हे खरे. परंतु आधीच चरबी वाढलेल्या, किडे खाऊन जगणाऱ्या जातीच्या बेडकासाठी तो मार्ग नव्हे. ज्या शिंगी बेडकांना आपण पॅकमॅन म्हणतो, त्यांनासुद्धा मी आता उंदीर वर्षातून एक-दोनदाच देतो. त्यांचा मुख्य आहार गांडुळे आणि झुरळे. प्रौढ पॅकमॅनला आठवडा ते दहा दिवसांतून एकदा पोटभर दिले तरी पुरते, कारण तो दिवसेंदिवस जागचा हलत नाही. त्याचे तोंड केव्हाही उघडते, म्हणून त्याला केव्हाही भूक असते असे नाही.

माझी विनंती एवढीच की स्वयंपाकघरातल्यासारखा, ग्रॅममध्ये मोजणारा काटा घ्या आणि दर रविवारी, पोट रिकामे असताना, त्याला झाकणाच्या डब्यात बसवून वजन लिहून ठेवा. रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना वाढ दिसत नाही, आकड्यांना दिसते. आपला बेडूक चार वर्षांचा आहे. या वयात आठवड्यातून दोन वेळा खाणे पुष्कळ झाले. रोज खायला लागते ते वाढत्या पिल्लांना.

माशांविषयी कोणी सुचवले तर तेही सावधपणे. गोल्डफिशसारख्या काही माशांत थायमिनेज असते, ते जीवनसत्त्व ‘ब१’ नष्ट करते. पाण्यातल्या बेडकांना असेच मासे सतत देणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

शेवाळ :

माझ्याकडे डार्ट बेडूक आहेत, तेव्हा माझा अनुभव थोडा वेगळ्या टोकाचा आहे. माझे बेडूक अंगठ्याच्या पेराएवढे. त्यांना उडू न शकणाऱ्या फळमाश्या आणि स्प्रिंगटेल नावाचे मातीतले सूक्ष्म जीव, याखेरीज फारसे काही देताच येत नाही. त्यामुळे मला विविधता भक्ष्यात आणता येत नाही, ती भुकटीत आणि माश्यांच्या खाद्यात आणावी लागते. एका वेळी कॅल्शियम, दुसऱ्या वेळी रेटिनॉल असलेली जीवनसत्त्वे, आणि माश्यांच्या खाद्यात लाल मिरचीची पूड व स्पायरुलिना यांसारखे कॅरोटिनॉइड (बीटा-कॅरोटीनच्या गटातली रंगद्रव्ये) असलेले पदार्थ. लाल डोळ्यांच्या झाडबेडकांवर झालेल्या एका अभ्यासात कॅरोटिनॉइडयुक्त आहारावरच्या बेडकांची कातडी अधिक लाल झाली आणि माद्यांनी अंडी अधिक घातली. निशिगंध यांनी म्हटल्याप्रमाणे ते रेटिनॉलची जागा घेत नाही, पण म्हणून किड्यांचे गाजर बंद करू नये. त्याचे काम दुसरे आहे.

आहार बेडकाला किती मुळापासून घडवतो हे डार्ट बेडकांत दिसते. जंगलात ज्यांचे विष प्रसिद्ध आहे, तेच बेडूक माझ्या पेटीत निरुपद्रवी आहेत. त्यांचे विष त्यांनी खाल्लेल्या मुंग्या आणि सूक्ष्म कोळीकिड्यांतून येते. फळमाशीत ते नसते, म्हणून बेडकातही नसते.

काचघर :

गांडुळांबद्दल आणि बागेतल्या किड्यांबद्दल राहिले होते.

सहज मिळणाऱ्या भक्ष्यांत गांडुळाइतके चांगले मी दुसरे सांगू शकणार नाही. प्रथिने भरपूर, चरबी थोडी, कवच नाही, आणि कॅल्शियमही रातकिड्यापेक्षा बरे. मात्र जात पाहून घ्या. कंपोस्टच्या ढिगात वाढणारे लालसर, पट्टेदार गांडूळ दाबले की कडवट वासाचा पिवळा द्रव सोडते, आणि बरेच बेडूक ते तोंडात घेऊन लगेच थुंकतात. एकदा असा अनुभव आला की पुढचे चांगले गांडूळही ते नाकारतात. मातीत खोल राहणारे, जाड, तपकिरी गांडूळ घ्या, स्वच्छ पाण्यात धुवा आणि मोठे असेल तर तुकडा करा.

न पाहिलेले भक्ष्य स्वीकारायला बेडूक वेळ घेतो. दोन-तीन दिवस काही न देता, तो ज्या वेळी शिकारीला उतरतो त्याच वेळी, मऊ टोकाच्या चिमट्यात तुकडा धरून त्याच्या नाकासमोर नव्हे, तर थोड्या बाजूला, जमिनीलगत हलवा. सतत हलवू नका. हलवा, थांबा, पुन्हा हलवा. थांबलेल्या क्षणी तो वळून पाहतो, आणि पुढच्या हालचालीला झेप घेतो. नाही घेतली तर त्याच्या तोंडाला लावत बसू नका, उद्या पुन्हा. जीभ चिकटत नसेल तोवर चिमट्यातून देणे तसेही सोयीचे, कारण त्याला जबड्याने धरता येते, आणि तळातली माती किंवा शेवाळ तोंडात जात नाही.

बागेतले किडे मी देत नाही. कीटकनाशक कुठे, कोणी, कधी फवारले ते कळत नाही, आणि किडा धडधाकट दिसला तरी त्याच्या अंगात ते असू शकते, शिवाय परजीवी. ज्यांची स्वतःची, वर्षानुवर्षे न फवारलेली बाग आहे त्यांनी गांडुळे जरूर काढावीत. काजवा मात्र कधीही, कोणत्याही बेडकाला देऊ नये. त्यातील विष हृदयावर काम करते; एका काजव्याने पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत. केसाळ सुरवंट, गांधीलमाश्या आणि भडक रंगाचे किडेही नकोत.

श्रावणसर :

सहा आठवड्यांनी लिहीत आहे. पशुवैद्यांनी तपासणी करून जीवनसत्त्व ‘अ’चीच कमतरता असावी असे सांगितले आणि मोजून मात्रा दिली, ती अजून चालू आहे. मेणकिडे बंद केले. रेटिनॉल असलेली भुकटी आठवड्यातून एकदा आणि कॅल्शियम एकदा, असा क्रम त्यांनी ठरवून दिला आहे. डब्यावर उघडल्याची तारीख मार्करने लिहिली आहे.

गांडूळ त्याने पहिल्या दोन वेळा पाहिलेसुद्धा नाही. तिसऱ्या वेळी काचघर यांनी सांगितल्याप्रमाणे मी हात थांबवला, आणि त्याच क्षणी त्याने मान वळवली. मग मी टोक जरासे हलवले. त्याने ते जबड्यात पकडले, पुढच्या दोन्ही हातांनी लांबलेले टोक तोंडात कोंबले आणि डोळे आत ओढून घेत गिळले. काल रात्री सहा रातकिड्यांपैकी चार जिभेला चिकटून आत गेले. वजन 118 ग्रॅमवरून 111 वर आले आहे. घडी अजून जडच दिसते.

डुबिया झुरळे आणली आहेत, पण पेटीत सोडताच ती मातीत शिरतात आणि बेडकाला दिसतच नाहीत. यावर काय करावे?

काचघर :

वजन उतरते आहे ते बेताने, तसेच उतरू द्या. झुरळांसाठी उभ्या, गुळगुळीत कडांचे काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे घ्या, बेडकाच्या बसण्याच्या फांदीखाली ठेवा आणि त्यात एका वेळी तीनच सोडा. डुबिया दचकले की स्तब्ध होते, त्यामुळे पहिल्या काही वेळा एखादे उताणे करून ठेवावे. पाय हलताना दिसले की तो खाली उतरेल. भांड्यात पाणी साचू देऊ नका.

निशिगंध :

सहापैकी चार हे प्रमाण सहा आठवड्यांच्या मानाने समाधानकारक आहे. अस्तराच्या पेशी नव्याने तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे मात्रा स्वतःहून वाढवू नका किंवा मध्येच थांबवूही नका. पुढच्या तपासणीला जाताना रविवारच्या वजनांची वही आणि भुकटीचे दोन्ही डबे सोबत न्यावेत.